विहीर शोधली, विहार सापडला

आमच्या संपादक ताई फोनवर फार बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अगं, शोधात विहीर टाकलं, तर वर विहार येतंय. जरा बघतेस का?"

मी बघितलं, आणि मग पुढचे तीन आठवडे तेच बघत राहिले. वर्डप्रेस या प्रकाशन-प्रणालीवरच्या एका मोठ्या मराठी लेखसंग्रहाचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे. त्याच्या शोधासाठी मी वेगळी सेवा बांधली. ती बांधताना जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे लिहून ठेवते आहे. प्रकाशन-प्रणालीच्या शेजारी स्वतःचं काही उभं करायला निघालेल्यांना यातलं बरंच काही आधीच हाताशी हवं, असं मला मनापासून वाटतं. मला ते नव्हतं.

आधी वेगळी सेवा का, ते सांगते. वर्डप्रेसचा मूळचा शोध म्हणजे डेटाबेसला केलेला 'लाइक' प्रश्न. शोधलेला प्रत्येक शब्द शीर्षकात, सारांशात आणि मजकुरात अक्षराला अक्षर लावून बघायचा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'काहीही चालेल' अशी खूण असते, त्यामुळे इंडेक्सचा, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या शब्दसूचीचा, उपयोग होत नाही आणि सगळं टेबल चाळावं लागतं. काही शे लेखांना ते पुरतं. आमच्याकडे काही हजार लेख, त्यातले कित्येक लांबलचक. वर निकालांचा क्रमही तारखेच्या आसपासच फिरायचा. म्हणून गो भाषेत एक छोटी सेवा लिहिली. तिच्या पोटात एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि त्याचं एफटीएस५ हे शोधाचं अंग. एकच फाइल, वेगळा डेटाबेस-सर्व्हर सांभाळायला नको. हा निर्णय मला आजही पटतो.

सेवेला मजकूर पोचवायचा कसा, तिथे मात्र मी पहिल्यांदा सपशेल चुकले. 'सेव्ह_पोस्ट' या हुकवर, म्हणजे लेख जतन होताना वर्डप्रेस आपला कोड बोलावतं त्या जागी, एक फंक्शन लावलं. लेख जतन झाला की त्याचा मजकूर लगेच सेवेकडे पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. वर्डप्रेसमधून बाहेर रिक्वेस्ट पाठवली की मुळात पाच सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मुदत, असतो. मोठ्या लेखांना तो अपुरा पडतोय असं वाटलं, म्हणून मी तो तीस केला. तीस हा आकडा टाकताना मी दोन मिनिटंही विचार केला नव्हता.

एका दुपारी मी सगळ्या लेखांचा इंडेक्स नव्याने बांधायला घेतला, सगळाच्या सगळा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे पूर्ण तरी होईल नाहीतर मुळीच नाही अशा एका व्यवहारात. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. त्यामुळे सेवा नवे लेख स्वीकारत होती, पण उत्तर कुणालाच देत नव्हती. नेमकं त्याच वेळी ताईंनी यादीतले वीस लेख निवडून त्यांचा विभाग एकदम बदलला. वीस लेख गुणिले तीस सेकंद, म्हणजे एका क्लिकला दहा मिनिटं. पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिला, स्वतःची तीस सेकंदांची मर्यादा होती, ती का लागली नाही हे मला आधी कळेचना. कारण असं, की लिनक्सवर त्या मर्यादेत फक्त पीएचपीचं स्वतःचं काम मोजलं जातं. नेटवर्कवर उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ धरतच नाहीत. पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेबसर्व्हरने मात्र साठ सेकंदांनी हात वर केले आणि ताईंना ५०४, म्हणजे 'उत्तर वेळेत आलं नाही', असं दाखवलं. ताईंनी कुणीही करेल तेच केलं, पुन्हा बटण दाबलं. आधीचं काम मागे चालूच होतं, ब्राउझर निघून गेल्याचा त्याला पत्ताच नव्हता. दुसरं सुरू झालं, मग तिसरं. आमच्याकडे पीएचपीचे एकूण दहा वर्कर, म्हणजे एका वेळी दहाच विनंत्या हाताळता येतात. ताई आणि अजून दोन सहकारी मिळून ते थोड्याच वेळात अडकून पडले आणि वाचकांसाठी अख्खं संकेतस्थळ बंद झालं. शोधाच्या सोयीपायी वाचनच थांबलं.

त्या संध्याकाळी मी वहीत एक ओळ लिहिली: प्रकाशित करायचं बटण संपादकाचं आहे, माझा कोड त्याच्या वाटेत उभा राहणार नाही. पुढची सगळी रचना याच ओळीतून निघाली.

आता लेख जतन झाला की प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेला माझा कोड, एकच गोष्ट करतं, आपल्या टेबलात, म्हणजे कामांच्या रांगेत, एक ओळ घालतं. त्या ओळीत लेखाचा मजकूर नसतो, नुसता लेखाचा क्रमांक असतो. मजकूर रांगेत ठेवला की तो शिळा होतो. संपादकाने पाच मिनिटांत चार वेळा जतन केलं तर चार प्रती पडतात आणि कुठली आधी पोचेल याचा भरवसा नाही. क्रमांक कधी शिळा होत नाही. रांगेतल्या ओळीचा अर्थ इतकाच, की 'या लेखाकडे एकदा बघ'. बघणारा तेव्हा जे खरं असेल ते वाचतो. लेख प्रकाशित असेल तर इंडेक्समध्ये घालतो. मसुदा झाला असेल, कचरापेटीत गेला असेल किंवा मुळातच उरला नसेल, तर काढून टाकतो. नवा, बदललेला, हटवलेला असे कामाचे तीन प्रकार करावेच लागले नाहीत.

हुकही बदलला. ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या आताच्या लेखन-पडद्यावर, जुन्या पद्धतीचे मेटा बॉक्स (लेखाची जादा माहिती भरायच्या चौकटी) असतील तर एका जतनाला 'सेव्ह_पोस्ट' दोनदा येतो, आणि पहिल्या खेपेला लेखाचे विभाग आणि बाकी माहिती डेटाबेसात पोचलेलीच नसते. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या ५.६ आवृत्तीपासून 'डब्ल्यूपी_आफ्टर_इन्सर्ट_पोस्ट' हा हुक आहे. तो सगळं जागच्या जागी बसल्यावर येतो. कायमचं हटवण्यासाठी 'डिलिटेड_पोस्ट' वेगळा लावावा लागतो. एवढ्या दोनांत भागतं.

रांग उपसण्याचं काम वर्डप्रेसच्या स्वतःच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीवर, सोडलं नाही. तो खरा क्रॉन नव्हे. कुणी पान उघडलं की तो जागा होतो आणि वेळ झालेली कामं सुरू करतो. पहाटे कुणी आलं नाही तर काम पडून राहतं. म्हणून सर्व्हरचा क्रॉन दर मिनिटाला कमांड-लाइनवरून एक आज्ञा चालवतो. ती प्रक्रिया वाचकांच्या दहा वर्करांपैकी कुणालाही हात लावत नाही. सेवा बंद असेल तर ओळ तशीच राहते. पुढचा प्रयत्न दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ.

इथे एक बारीक फट होती आणि ती मला उशिरा दिसली. कामगार प्रक्रियेने, म्हणजे रांग उपसणाऱ्या त्या आज्ञेने, लेख वाचला, सेवेकडे पाठवला. तेवढ्यात संपादकाने पुन्हा जतन केलं. रांगेत त्या क्रमांकाची ओळ आधीच आहे, म्हणून नवी पडली नाही. मग कामगाराने काम झालं समजून ओळ पुसली. शेवटचा बदल गेला, आणि तो गेल्याची कुठे नोंदही नाही. उपाय अगदी लहान आहे. ओळीत 'फेरी' नावाचा एक आकडा ठेवला. प्रत्येक जतनाला तो एकने वाढतो. पुसताना अट अशी, की वाचताना जी फेरी होती तीच अजून असेल तरच पुस. बदललेली असेल तर ओळ राहते आणि पुढच्या मिनिटाला लेख पुन्हा वाचला जातो.

यावरही मी पूर्ण विसंबत नाही. वर्डप्रेस लेखाचं जतन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधत नाही. लेख लिहून झाला आणि आमची ओळ पडण्याआधीच प्रक्रिया मेली, असं होऊ शकतं. म्हणून रोज रात्री दोन्हीकडच्या याद्या ताडून बघते: लेखाचा क्रमांक आणि शेवटच्या बदलाची वेळ. जिथे फरक दिसेल तो क्रमांक पुन्हा रांगेत.

वाचकाच्या बाजूलाही तोच नियम. शोध करताना 'पोस्ट्स_प्री_क्वेरी' या फिल्टरमधून, म्हणजे वर्डप्रेसने स्वतः शोधण्याआधी आपल्याला उत्तर देता येतं त्या जागेतून, सेवेला विचारते, एका सेकंदाची मुदत देऊन. त्यात उत्तर आलं तर ते लेख दाखवायचे. एकूण किती सापडले आणि किती पानं होतील, हे आकडे तिथे आपणच भरावे लागतात, नाहीतर पुढच्या पानाचे दुवे गायब होतात. उत्तर आलं नाही तर फिल्टर 'नल', म्हणजे 'काहीच नाही', परत करतो आणि वर्डप्रेस आपला जुना शोध चालवतो. निकाल थोडे ओबडधोबड येतील, पण पान उघडेल.

आता विहिरीकडे येते.

सेवा सुरू झाली तेव्हा पहिले दोन दिवस मी हरखून गेले होते. 'विहीर' शोधलं की 'विहिरी', 'विहिरीत', 'विहिरीवर' सगळं सापडत होतं. विभक्तीसाठी मी एक ओळही लिहिली नव्हती. एवढं आपोआप कसं जमतंय, हे तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं. ताईंचा फोन आल्यावर विचारलं.

एफटीएस५ मजकुराचे शब्द पाडतं ते 'युनिकोड६१' नावाच्या टोकनायझरने. त्याच्या मूळ मांडणीत अक्षरं आणि अंक तेवढे शब्दाचा भाग, बाकी सगळं म्हणजे शब्दाची हद्द. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, आपल्या वेलांट्या, उकार, काने, मात्रा, हलन्ताची खूण, अनुस्वार यांची गणती अक्षरांत होत नाही. ती जोडचिन्हं, त्यांचा वर्ग वेगळा. म्हणजे त्या टोकनायझरच्या लेखी वेलांटी आणि रिकामी जागा यांत फरकच नाही. 'विहीर' या शब्दाचे त्याने केलेले तुकडे मी पडद्यावर छापून बघितले: व, ह, र. तीन सुटे शब्द. शोध करतानाही तेच तुकडे पडतात आणि ते लागोपाठ कुठे येतात तेवढं बघितलं जातं. 'विहिरीत' म्हणजे व, ह, र, त, सापडलं. आणि 'विहार' म्हणजेही व, ह, र.

आमच्या अख्ख्या संग्रहाच्या मात्रा त्या इंडेक्समध्ये शिरलेल्याच नव्हत्या. मराठी मजकुरातून स्वर काढून घेतले तर काय उरतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. त्या टोकनायझरला शब्दात काय धरायचं हे सांगायची सोय आहे. त्या वर्गांच्या यादीत जोडचिन्हांचा वर्ग घातला की शब्द अखंड राहतो. एका ओळीचा बदल. पण ती ओळ लिहायची असते, हे इंग्रजी मजकुरावर कितीही चाचण्या केल्या तरी कळणार नाही.

ती ओळ घातली आणि विहार गेला. त्याच्याबरोबर 'विहिरीत'ही गेलं. आधी जे जमत होतं ते चुकीच्या कारणाने जमत होतं, आता योग्य कारणाने जमवायचं होतं. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधण्याची सोय वापरावी, तर 'विहीर'मधली दुसरी वेलांटी 'विहिरीत'मध्ये पहिली होते. नुसती सुरुवात जुळवून ते मिळत नाही. मग इंडेक्समध्ये दोन रकाने केले. एकात शब्द जसाच्या तसा. दुसऱ्यात त्याचं सपाट रूप, म्हणजे दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व आणि दीर्घ उकाराचा ऱ्हस्व. शोधलेला शब्दही तसाच सपाट करून त्याच्या सुरुवातीवरून बघायचं. 'विहिर'ने सुरू होणारं सगळं येतं. ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत करून शोधणाऱ्यालाही लेख मिळतो, हा मोठाच लाभ. तोटाही आहे: दिन आणि दीन एक होतात, सुत आणि सूत एक होतात. म्हणून पहिल्या रकान्यातल्या तंतोतंत जुळणीला जास्त वजन दिलं. ज्याने 'सूत' लिहिलं त्याला सूतच आधी दिसतं.

यानंतर अक्षरांच्या लेखनाचा प्रश्न आला, आणि मला सगळ्यात जास्त जीव लावावा लागला तो इथे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. आमच्या संग्रहात तो तीन प्रकारे लिहिलेला होता आणि पडद्यावर तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसत होते. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, त्याला नुक्ता (खालचा ठिपका), मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. बरेच जुने कीबोर्ड असंच लिहायचे. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोघांना एक करतं, कारण तिथे त्यांना एकच मानलेलं आहे. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो: र, हलन्त आणि जोडक असे लागोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त.

तीच गत 'ॲप'ची. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, काही जण ऍ वापरायचे. तिन्ही आजही सर्रास चालतात आणि प्रमाणीकरणाच्या लेखी तिन्ही वेगळी. आम्ही तिघांना ॲ वर आणलं. १९६० हे साल इंग्रजी अंकांत लिहिलं काय आणि देवनागरीत काय, शोधणाऱ्याला ते एकच वाटतं, म्हणून तेही एका रूपात. मूळ लेखाला यातलं काही शिवत नाही. लेखकाने लिहिलं तसंच ते छापलं जातं. हे सगळं फक्त इंडेक्सपुरतं, आणि नेमका याचसाठी तो वेगळ्या सेवेत असलेला बरा.

सुरक्षेबद्दल एकच सांगते, कारण ती चूक कुणाच्याही हातून होईल. मी इंडेक्समध्ये फक्त 'प्रकाशित' स्थितीतले लेख घेत होते आणि निश्चिंत होते. पण वर्डप्रेसमध्ये पासवर्ड लावलेला लेखही 'प्रकाशित'च असतो, पासवर्ड वेगळ्या रकान्यात. शोधाच्या निकालात शब्दाभोवतीची दोन वाक्यं दाखवायची सोय मी केली होती. त्यात अशा एका लेखातली वाक्यं उघड दिसली. लेखिकेने विश्वासाने आम्हाला वाचायला दिलेला मसुदा होता तो. ताईंनी पाहिलं, मी दहा मिनिटांत सेवा बंद केली, आणि लेखिकेला फोन करून झालेलं सांगितलं. आता पासवर्डचा रकाना रिकामा नसेल तर तो लेख सेवेकडे जातच नाही.

शोध सुधारतोय हे ओळखायची माझी एक फाइल आहे, नुसत्या शब्दांची. ताईंना एखादा शब्द सापडला नाही किंवा भलताच सापडला की त्या मला पाठवतात आणि तो फाइलमध्ये जातो: कसा शोधला, काय यायला हवं, काय यायला नको. सेवेत काहीही बदललं की सगळे शब्द चालवून बघते. 'विहीर' सगळ्यात वर आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी 'ऱ्हास' पाठवला. दोन लेखनं जुळली, तिसरं नाही. काही जुन्या लेखांत तो साधा र, हलन्त, ह असा लिहिलेला निघाला, म्हणजे पडद्यावर ह च्या डोक्यावर रफार. 'दुसऱ्या'लाही लोक असाच रफार देतात, पण तिथे मी नियम करू शकत नाही, कारण 'सूर्या'मधला रफार खरा आहे. शब्दाच्या सुरुवातीला मात्र मराठीत रफार येऊच शकत नाही. त्यामुळे तेवढ्या जागेपुरता नियम निर्धास्त लिहिता आला: शब्द र, हलन्त आणि ह ने सुरू झाला तर तो ऱ्ह.

फाइल चालवली, सगळे शब्द पास झाले. रात्री सगळा इंडेक्स नव्याने बांधला, या वेळी दोनशे-दोनशे लेखांचे गट करून. ताई तेव्हा उशिरापर्यंत एक लेख लावत बसल्या होत्या. सकाळी मी विचारलं, "ताई, काल रात्री काही अडकलं का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "का? तू काही करत होतीस का?"